ताटातली शेवटची फोड

दैवशालाबाईंचं मॉडेल मी खाल्लं.

कोणाच्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून लगेच सांगतो, मॉडेल म्हणजे मोसंबी होती. चित्रकार जे समोर ठेवून चित्र काढतो त्याला मॉडेल म्हणतात, एवढं ज्ञान मला बँकेतून निवृत्त झाल्यावर केलेल्या एका कलारसग्रहण शिबिरात मिळालं होतं. ते खायचं नसतं, हे मात्र शिबिरात कोणी सांगितलं नाही.

नवीन जालन्यात, स्टेशनकडून आत शिरणाऱ्या एका गल्लीत हुकमचंद शेठजींचं बियाण्यांचं दुकान आहे. दुकानामागं गोदाम, गोदामावर शेठजींचं घर, घरावर गच्ची आणि गच्चीच्या कोपऱ्यात एक खोली. त्या खोलीत दैवशालाबाई आणि त्यांचे यजमान राधेश्याम बरीच वर्षं भाड्यानं राहतात. खिडकीच्या काचा कधीच्याच फुटल्या. त्या जागी दैवशालाबाईंनी बियाण्यांच्या पाकिटांचे जुने पातळ कागद जोडून चिकटवले आहेत. टोमॅटो, मिरची, भेंडी, दोडका, असा सगळा भाजीबाजार. दुपारी ऊन कललं की त्या कागदांतून गाळून आत येतं आणि खोलीत रंगीत पाणी भरल्यासारखं होतं. त्या पाण्यात माणूस हळूहळू बुडतो. मी तर दर वेळी बुडतो. आमच्या घरी दुपारी टीव्हीवर सासू-सुनांची भांडणं चालू असतात, त्यामुळे मला बुडायला बाहेरच जावं लागतं.

त्या दिवशी काम कुठवर आलं ते बघायला शेठजींनी मला वर पाठवलं होतं. दैवशालाबाई गच्चीवर कुरडया राखत होत्या. एक कावळा आणि त्या, दोघंही एकमेकांना जोखत उभे होते.

"बसा भाऊ आत. आलेच मी. ह्याचा डाव हाय आज," त्या म्हणाल्या.

मी बसलो, भिंतीला टेकलो. पायावर भेंडीचा हिरवा पडला होता, पोटावर टोमॅटोचा लाल. कुठून तरी, बहुतेक एमआयडीसीकडून, लोखंड आपटल्याचा आवाज येत होता, तोही लांबून येता येता मऊ झालेला. माझा डोळा लागला. स्वप्नात मी कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत बसलो होतो आणि वाढपी दर वेळी मला सोडून पुढच्या पानावर वाकत होता. घसा कोरडा पडला. अर्धवट जाग आली तेव्हा समोर पितळी ताट होतं, ताटात तीन मोसंब्या. त्या वाढप्याला उशिरा का होईना दया आली असं समजून मी मधली मोसंबी उचलली, सोलली आणि खाऊ लागलो. एक फोड उरली होती, तेवढ्यात दारात सावली पडली.

दैवशालाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी ताटाकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं, मग ताटासमोर उभ्या केलेल्या फळीवरच्या कागदाकडं. कागदावर तीन गोल पेन्सिलीनं काढलेले होते. मधला रंगवायला नुकता घेतला होता. मी हातातली फोड चोरासारखी परत ताटात ठेवली.

"गोड हुती?" त्यांनी विचारलं.

"थोडी आंबट," मी खरं ते सांगितलं.

"आंबटच हुती," त्या म्हणाल्या. "सायरबाई हुत्या त्या."

मी बोटं रुमालाला पुसली.

आता सायरबाई कोण ते सांगायला हवं, पण त्याआधी दैवशालाबाई कोण ते सांगतो, नाहीतर त्यांनी एका बाईला मोसंबी का केलं ते कळायचं नाही.

दैवशालाबाई भोकरदनकडच्या. माहेरी शेती, चार भाऊ, बैल. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचं काम हिच्याकडं. एका वर्षी तिनं एकाच बैलाचं एक शिंग भगवं केलं आणि दुसरं राखाडी. गावात चर्चा झाली. वडलांनी विचारलं, "बाई, दुसऱ्या शिंगाला रंग कमी पडला का?" ती म्हणाली, "न्हाई. ह्या बैलाला डावीकडं बघू वाटत न्हाई. जोडीचा बैल गेला ना त्याचा, तो डावीकडं असायचा." मिरवणुकीत वडलांनी त्या बैलाला उजव्या बाजूनं चालवलं, एवढंच.

लग्न झालं, राधेश्यामना लोखंडाच्या मिलमध्ये काम मिळालं, दोघं जालन्यात आली. दैवशालाबाई एका छोट्या बियाणे कंपनीत बी निवडायला जाऊ लागल्या. औषध लावलेल्या बियांचा गुलाबी रंग हाताला लागे. तो हात एकदा त्यांनी गोदामाच्या भिंतीला पुसला आणि पुसता पुसता त्याचा मुळा झाला. मॅनेजरनं मुळा पाहिला. ती कंपनी आता नाही, मॅनेजर कुठं गेला ठाऊक नाही, पण भिंत पुसायला न लावता त्यानं बाईंना पाकिटांवरची चित्रं काढायला बसवलं, हे त्याचं पुण्य.

बाईंची काम करायची एक रीत होती, आजही आहे. भाजी समोर ठेवायची आणि बघत बसायचं. ती भाजी "बोलेपर्यंत" ब्रशला हात लावायचा नाही. भेंडी लवकर बोले. टोमॅटोचं तर तोंड मिटायचं नाही. दोडका मात्र दोन-दोन दिवस मुका. मॅनेजर येऊन विचारायचा, "झालं का बाई?" बाई ओठावर बोट ठेवायच्या.

राधेश्याम मला म्हणतात, "भाऊ, आमची ही वांग्याला बोलतं करती. अन् मी बोलाया लागलो की म्हनती, गप बसा, ते काय म्हनून राह्यलं ऐकू द्या."

वांग्यावरूनच पुढं सगळं बिनसलं. बाईंनी पाकिटावर वांगं निळं काढलं. जांभळं नव्हे, निळं. बघणाऱ्याला वाटावं, हात लावला तर बोटाला गार लागेल. पाकिटं छापली गेली, विकली गेली. आणि हंगामाच्या शेवटी भोकरदनकडचे एक साहेबराव नावाचे शेतकरी पिशवीभर पिवळी पडलेली, निबर, बियांनी भरलेली वांगी घेऊन कंपनीच्या दारात उभे.

"एवढी पिकेपर्यंत तोडली का न्हाईत?" मॅनेजरनं विचारलं.

"निळी व्हायची वाट बघून राह्यलो ना," साहेबराव म्हणाले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "हे बगा. असं झाल्यावर तोडायचं ना? जांभळं तर लवकरच झाल्तं. मंग म्हनलं, अजून व्हायचंय. बायको म्हनली तोडा, मी म्हनलं थांब. एवढं चांगलं चित्र काढलंय, लोकं खोटं कशाला काढतील?"

मॅनेजरनं त्यांना दैवशालाबाईंपुढं नेऊन उभं केलं. भांडण होईल म्हणून बायका काम सोडून जमल्या. पण साहेबराव भांडले नाहीत. म्हणाले, "बाई, हे वांगं तुमी कुठं बघितलं तेवढं सांगा. मला फकस्त बघायचंय."

"पहाटं जावा वावरात," बाई म्हणाल्या. "दव असतंय तव्हा. दिवस उगायच्या आधी."

पुढच्या बाजाराला साहेबरावांचा निरोप आला: "दिसलं, बाई. बराबर निळं हाय. पण व्यापारी काही पहाटं येत न्हाई."

कंपनीनं मात्र त्यानंतर फोटो छापायला सुरुवात केली. बाई पुन्हा बी निवडायला बसल्या. साहेबरावांनी ते पाकीट आपल्या घरात गणपतीशेजारी लावलं आहे म्हणतात.

या सगळ्यात एक गोष्ट राहिली. दैवशालाबाईंना माणसाचं तोंड काढता येत नाही. येत नाही म्हणजे कुणाचंही काढायला घेतलं की शेवटी त्याचा राधेश्याम होतो. त्यांनी एकदा सरस्वती काढली. हातात वीणा, मागं मोर, आणि दोघांच्या मध्ये राधेश्याम, रात्रपाळी करून आल्यासारखे. शिबिरात मला शिकवलं होतं की प्रत्येक कलावंताची एक मूळ प्रतिमा असते आणि तो आयुष्यभर तिच्याभोवती फिरत असतो. मी हे बाईंना समजावून सांगितलं.

"मूळ प्रतिमा कशाची आलीय," त्या म्हणाल्या. "दुसरं तोंड एवढं निरखून बघायला कवा भेटलं?"

पण एक तोंड त्यांना भेटलं होतं. ते सायरबाईंचं.

सायरबाई म्हणजे हुकमचंद शेठजींच्या पत्नी. राजस्थानातून या घराण्याचे पूर्वज आले त्याला कित्येक पिढ्या झाल्या. शेठजींचं मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज आहे. पण सायरबाईंनी घुंघट सोडला नाही. थोरांसमोर तर सोडाच, पुढं पुढं घरात थोर असं कोणी उरलं नाही तरी तो हनुवटीपर्यंत असायचाच. आम्ही शेजारी त्यांना पिवळ्या ओढणीवरून ओळखायचो. मी त्यांना वर्षानुवर्षं नमस्कार केला आणि त्यांनी तो घेतलाही असावा. ओढणी तेवढी हलायची.

दुपारी पुरुषमाणसं दुकानात असली की सायरबाई ताट घेऊन जिना चढून गच्चीवरच्या खोलीत यायच्या. आत आल्यावर पहिलं काम, घुंघट मागं टाकायचा. दुसरं काम, मोसंबी सोलायची. दोघी बोलत काय असत कोण जाणे. दैवशालाबाई म्हणतात, "काही न्हाई बोलायचो. बोलायला खाली लई लोकं हुते." त्या रंगीत पाण्यात दोघी तासन्‌तास बसत, सालीचा वास खोलीभर पसरे, दैवशालाबाई समोरची भाजी बघत आणि सायरबाई भाजी बघणाऱ्या दैवशालाबाईंना बघत. एक मात्र नेमाचं होतं. शेवटची एक फोड सायरबाई ताटातच ठेवायच्या. दैवशालाबाईंनी एकदा उचलायला हात घातला तर त्या हातावर चापट बसली. "वो नहीं." मग फोडीवर वाटी पालथी घालून ताट खाली न्यायच्या. दैवशालाबाईंना वाटायचं, देवाला असेल. नाहीतर गाईला. विचारलं कधी नाही.

गेल्या वर्षी सायरबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास न देता. तेही जणू घुंघट घेऊनच.

त्यानंतर काही महिन्यांनी शेठजींनी मला दुकानात बोलावलं. ते गादीवर बसलेले, पुढ्यात सोयाबीनचे चार दाणे, ते उगाच या बोटावरून त्या बोटावर करत होते.

"भाऊ, एक बात विचारतो, हसू नका," ते म्हणाले. "मला तिचं तोंड आठवत न्हाई."

मी गादीच्या कडेला टेकलो.

"डोळे आठवतात. नाक आठवतं, नथ आठवते. वेगवेगळं सगळं आहे माझ्यापाशी. पण एकत्र बसवायला गेलो की हिसाब बसत न्हाई. रोज थोडं थोडं कमी होऊन राह्यलं." दाणे खाली पडले. "पुरं जायच्या आत मला ते पायजे."

फोटो नव्हता का? होते, ढीगभर होते. प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये एक पिवळी ओढणी उभी होती. ओढणीखालचा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. पण आधारवरच्या फोटोवरून आजवर कोणी कोणाला ओळखलं आहे? त्यात सायरबाई आणि शेठजींचे धाकटे बंधू यांच्यात फरक करणं कठीण होतं. पुण्याला शिकणारी नात रूपल हुशार. तिनं तो फोटो मोबाईलमध्ये घालून कुठल्याशा अॅपकडून आजीचा चेहरा बनवून घेतला. गोरीपान, रेखीव, गालावर उजेड, मालिकेतल्या थोरल्या सुनेसारखी. शेठजींनी तो फोन बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "बेटा, ये कौन है? हिला घरात कोणी घेतलं?"

मग माझ्यामार्फत निरोप वर गेला, दैवशालाबाईंनी काढावं. पहिल्या पुण्यतिथीच्या आत.

"मला तोंड जमत न्हाई, भाऊ, तुमाला ठावं हाय," त्या म्हणाल्या. तरी प्रयत्न केला. मी पाहिला. पिवळी ओढणी, मोठी नथ आणि आत राधेश्याम, लाजलेले. बाईंनी तो कागद उलटा करून ठेवला. खुद्द राधेश्यामनी पाहून "मला नथ बरी दिसती" असा अभिप्राय दिला, तेव्हा त्यांना जेवण उशिरा मिळालं.

मग बाईंनी ठरवलं. तोंड काढायचं नाही. मोसंब्या काढायच्या. सायरबाईंच्या ताटातल्या, मधली सायरबाई. हे मला ठाऊक नव्हतं; ठरवलं त्या दिवशी त्यांनी मला एवढंच बजावून सांगितलं होतं, "शेटजींनी वळखलं तर ठीक. न्हाई वळखलं तर मंग मी बी तिला कधी बघितलं नव्हतं असं धरायचं. ब्रश आमच्या ह्यांच्याकडं देणार. मिलच्या भट्टीत टाका म्हणणार."

अशी ती मोसंबी होती. आणि ती मी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. मोसंबीच्या बाबतीत जालन्यासारखं गाव नाही, हवी तशी मोसंबी मिळेल, असा माझा हिशोब. पिशवी भरून घेतली. वर जाऊन एकेक करून बाईंपुढं मांडली.

"ही?"

"ही नवी नवरी हाय. हिला अजून घरातलं काही ठावं न्हाई."

"मग ही घ्या. जरा सुरकुतलेली आहे."

"ही पुढारी हाय. बगा ना, देठ कसा वर करून बसलीय."

"ही तरी?"

बाईंनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मला आशा वाटली. "ही," त्या म्हणाल्या, "तुमच्या बायकोवानी हाय. पिशवीत ठेवा तिला जल्दी, मला बघून राह्यलीय."

मी शिबिरातलं ज्ञान काढलं. "ताई, शेवटी मोसंबी हे प्रतीक आहे. पिवळा म्हणजे परिपक्वता, त्यातला हिरवा म्हणजे जगण्याची ओढ. कुठलीही मोसंबी घेतली तरी अर्थ तोच राहतो."

"असं असतंय?" बाई म्हणाल्या. "मंग उद्या कुणी बी बाई शेटजींच्या घरात नेऊन बसवा. अर्थ तोच राह्यला की."

मी मोसंब्या पिशवीत भरल्या आणि पिशवी कोपऱ्यात ठेवली. बाई ताटासमोर बसल्या. दुपार वाढत गेली. खिडकीतली मिरची हळूहळू फरशीवर उतरली, पुढं सरकली आणि ताटाशी आली. ताट कालपासून तसंच होतं. कडेच्या दोन मोसंब्या, मध्ये मी सोलून टाकलेली साल, वाकडीतिकडी, कालच्या हाताचा आकार धरून बसलेली. आणि मी परत ठेवलेली ती एक फोड. ती जराशी सुकली होती. वरचा पापुद्रा घट्ट झाला होता. ऊन तिच्यातून आरपार गेलं आणि ताटावर तिची सावली पडली. सावली काळी नव्हती. मी डोळे चोळले. तसला रंग मी कुठंतरी ऐकला होता, पाहिला नव्हता.

दैवशालाबाईंनी श्वास रोखला होता. मी काही बोलणार तोच त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मग त्या एवढ्या हळू बोलल्या की मला वाटलं खिडकी बोलली. "भाऊ, जावा आता तुमी घरी."

"काय झालं?"

"ती बोलून राह्यलीय."

पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी मी चित्र पाहिलं. पिवळी ओढणी होती, पण ती नुसती कडेला, ताटाच्या पितळेत पडलेली, कोणीतरी आत्ताच वाकून उठल्यासारखी. दोन मोसंब्या, साल, आणि मधोमध एक फोड. फोडीखाली सावली निळी. साहेबरावांच्या वांग्याची निळी. खरं सांगायचं तर मी एक पाऊल मागं सरलो. त्यातला अर्धा भाग भक्तीचा आणि अर्धा भीतीचा होता, कारण शेठजींनी तोंड मागितलं होतं आणि तोंड कुठंच नव्हतं.

"हा निळा?" मी विचारलं.

"दुपारी घरातले सगळे निजल्यावर जो असतो ना, तो," दैवशालाबाई म्हणाल्या. ब्रश त्यांनी धुऊन, पुसून, एका फडक्यात बांधून ठेवले होते. राधेश्याम त्या गाठोड्याकडं पाहत होते. भट्टीत असलं काही टाकलं तर मुकादम काय म्हणेल, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

पुण्यतिथीला शेठजींच्या दिवाणखान्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. भजनं झाली. चित्र टेबलावर उभं होतं, सायरबाईंच्याच ओढणीनं झाकलेलं. रूपलनं ओढणी काढली. म्हणजे सायरबाई गेल्यावर एकदाचा त्यांचा घुंघट दूर झाला आणि आत फळं निघाली. मंडळी गोंधळली.

एक बियाण्यांचे व्यापारी पुढं वाकून म्हणाले, "न्यूसेलर जातीची दिसते. साल पातळ आहे." एक डॉक्टर म्हणाले, "संदेश चांगला आहे. क जीवनसत्त्व." एक पाहुणी दुसरीला म्हणाली, "उपवासाचं ताट असेल."

शेठजी नुसते चित्राकडं बघत होते. दैवशालाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा त्या मुक्या दोडक्यासारखा झाला होता. माझ्यानं राहवेना. मी उठलो आणि बोलायला लागलो. म्हणालो, दोन मोसंब्या म्हणजे पती आणि पत्नी, साल म्हणजे देह, उरलेली फोड म्हणजे आत्मा, आणि निळा रंग अनंताचा. मंडळींनी माना हलवल्या. मला स्वतःलाही पटायला लागलं होतं. इतक्यात शेठजी उठले.

ते चित्रापाशी गेले. त्यांनी हात पुढं केला, आणि फोड उचलायला करतात तशी दोन बोटं त्या कागदावर टेकवली. तशीच ठेवली.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

रूपल ओढणी हातात घेऊन जवळ आली.

"दुपारी दुकानातून चहाला वर यायचो. ओट्यावर ताट असायचं, ताटात पालथी वाटी. वाटी उचलली की एक फोड." ते कोणाशी बोलत होते कळत नव्हतं. "मला वाटायचं पोरांनी टाकली. वाया का घालवायची म्हणून खायचो. कितीतरी वर्षं खाल्ली. कधी विचारलं न्हाई कोण ठेवतं. ती गेल्यावर एक दिवस वर आलो, वाटी उचलली. खाली काही नव्हतं."

त्यांनी मान कलती केली, दाराआड कोणी उभं असावं तसं चित्राच्या कडेला, त्या पिवळ्या ओझरत्या रंगाकडं पाहिलं.

"खातो की न्हाई बघायला दाराआड उभी असायची. घुंघट एवढाच वर." त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. "एक डोळा, नथ अन् अर्धं हसू. बस. पुरं तोंड तिनं मला कधी दाखवलंच न्हाई एका वेळी. मग हिसाब बसणार कसा?" आणि मग ते हसले. "दिसली. तीच आहे. बसला हिसाब."

पाहुण्यांनी पुन्हा माना हलवल्या, या वेळी कशाला ते त्यांना कळलं नसावं. माझ्या अनंताचं पुढं काय झालं कोणी विचारलं नाही. दारापाशी पाहिलं तर चौकट रिकामी होती.

मी जिना चढून वर गेलो. उन्हं उतरायला आली होती, खोलीत दोडक्याचा हिरवा तेवढा उरला होता. दैवशालाबाई खाली बसून फडक्याची गाठ सोडत होत्या. गाठ घट्ट बसली होती, त्यांनी ती दातांनी ओढली. मग ब्रश एकेक करून डब्यात उभे केले. पुढ्यात माझ्याच पिशवीतली एक मोसंबी होती, ती पुढारी. तिच्याकडं त्या डोळे बारीक करून बघत होत्या. राधेश्याम कोपऱ्यात हसू दाबत बसले होते. बाईंनी डोळे पुसले होते की रंगाचा हात लागला होता, गालावर निळा ओघळ होता.

"शेठजी म्हणाले ते ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता कळलं चापट काहून बसल्ती."

थोडा वेळ आम्ही तिघंही त्या हिरव्या उजेडात बसून राहिलो. खूप छान वाटत होतं. छान वाटलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

"ताई," मी म्हणालो, "एक विचार करा. मी ती मोसंबी खाल्ली नसती, शेवटची फोड ठेवली नसती, तर हे चित्र झालंच नसतं. म्हणजे या चित्रात थोडासा वाटा माझाही म्हणायचा की नाही?"

दैवशालाबाईंनी मोसंबीवरची नजर काढली नाही.

"तुमचा वाटा तुमी तव्हाच खाल्ला."